दोषाचे स्थान आणि प्रश्नकर्त्याचे स्थान

१

नागपुरातील लकडगंज ही वस्ती आपला व्यवसाय नावातच सांगते. लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या ही या भागाची जुनी ओळख. ओंडका विकत घेणारा माणूस त्याची लांबी आणि घेर पाहतो, दोन्ही टोकांना दिसणाऱ्या भेगा न्याहाळतो आणि आतील लाकडाविषयी अंदाज बांधतो. तो अंदाज खरा की खोटा हे आऱ्याखाली गेल्यावरच कळते. शेताच्या बांधावरील झाडात कुंपणाच्या तारेसाठी कधीकाळी ठोकलेला खिळा झाडाच्या वाढीबरोबर आत बुजून जातो आणि पुष्कळ वर्षांनी आऱ्याचे पाते त्यावर आपटते. काम थांबते. त्या क्षणी दोन प्रश्न एकदम उपस्थित होतात. काम कोठे अडले, हा पहिला. आणि दोष कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोडलेला दातच देतो. दुसऱ्याचे उत्तर देण्याची शक्ती पात्यात नाही. खिळा ठोकणारा, झाड तोडणारा, ओंडका विकणारा, न तपासता घेणारा आणि आरा चालवणारा अशी ती साखळी आहे, आणि पाते यांपैकी फक्त शेवटच्या माणसाच्या हाताशी मोडलेले असते. त्यामुळे बोलणी बहुधा त्यालाच खावी लागतात.

दोष जेथे प्रकट झाला तेथेच तो उत्पन्न झाला, आणि जो त्या ठिकाणी उभा आहे तोच त्याचा कर्ता, असे मानण्याची ही घाई सर्वपरिचित आहे. न्यायव्यवहारात, अध्यापनात आणि साहित्यसमीक्षेतही ती आढळते. प्रस्तुत लेखात तिचा विचार वरकरणी दूरच्या वाटणाऱ्या एका क्षेत्राच्या संदर्भात करावयाचा आहे. संगणकाच्या फलनाधिष्ठित भाषा, त्यांत आज्ञावली लिहिताना येणाऱ्या अडचणी आणि त्या अडचणींविषयी त्या भाषांच्या उपयोजकांमध्ये चालणारी चर्चा, हे ते क्षेत्र होय. साहित्याच्या अभ्यासकाने येथे लक्ष घालण्याचे कारण असे की, या भाषांत अर्थ, योग्यता, हेतू आणि दोष या आपल्या शास्त्रातील जुन्याच संकल्पना अत्यंत काटेकोर रूपात वावरताना दिसतात. ज्येरार ह्यूए यांनी संस्कृतातील संधिविच्छेदाची यंत्रव्यवस्था ओकॅमल या फलनाधिष्ठित भाषेत उभारली, आणि संस्कृत व संगणकीय भाषाविज्ञान यांचा पाचवा आंतरराष्ट्रीय परिसंवाद २०१३ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त भरला, तेव्हा या दोन क्षेत्रांचा परिचय नवा नाही.

२

गणितात फलन म्हणजे दिलेल्या निवेशाला एकच एक फलित नेमून देणारा संबंध. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कलनाच्या रूपाने या संबंधांचे एक शास्त्र मांडले. पुढे जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात प्रचलित संगणकभाषांवर अशी टीका केली की, त्या यंत्राच्या स्मृतीतील एकेक घर बदलत जाण्याच्या पद्धतीत अडकल्या आहेत. १९८७ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी एक सामाईक भाषा सिद्ध करण्यासाठी समिती नेमली. तिच्या कामातून १९९० मध्ये हॅस्केल या भाषेचा पहिला अहवाल निघाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव या भाषेला दिलेले आहे.

अशा भाषेचे मुख्य लक्षण म्हणजे निर्देशपारदर्शिता. ही संज्ञा क्वाइन यांच्या तत्त्वचिंतनातून प्रचारात आली आणि क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ च्या आपल्या व्याख्यानांत ती संगणकभाषांच्या विचारात आणली. तिचा आशय असा की, कोणत्याही पदबंधाच्या जागी त्याच मूल्याचा दुसरा पदबंध ठेवला तरी संपूर्ण संहितेचा अर्थ बदलत नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ही कसोटी परकी वाटू नये. मम्मटाने शब्दालंकार आणि अर्थालंकार यांतील भेद ठरवताना जो निकष वापरला तो हाच आहे. शब्दाच्या जागी पर्यायशब्द ठेवल्यावर अलंकार टिकला तर तो अर्थाचा, नष्ट झाला तर तो शब्दाचा. परंपरेने याला परिवृत्तिसहत्व आणि परिवृत्ति-असहत्व अशी नावे दिली. या परिभाषेत बोलायचे तर काव्य हे पदोपदी परिवृत्तीला विरोध करते, आणि शुद्ध फलनाधिष्ठित आज्ञावली ही आरंभापासून अंतापर्यंत परिवृत्तिसह असते.

या गुणाचा एक सामाजिक परिणाम आहे, त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पदबंधाचा अर्थ त्याच्या पूर्वेतिहासावर अवलंबून नसेल, तर तो पदबंध मूळ संहितेतून वेगळा काढून दुसऱ्याच्या हाती देता येतो, आणि दुसऱ्याच्या हातीही त्याचा अर्थ तोच राहतो. ज्या भाषेत प्रत्येक ओळीचा अर्थ आधी काय काय घडले यावर ठरतो, त्या भाषेतील अडचण दुसऱ्याला दाखवताना सारा इतिहास बरोबर न्यावा लागतो. येथे मात्र हजार ओळींच्या आज्ञावलीतील बिघाड छाटत छाटत तीन ओळींवर आणता येतो, आणि नागपुरातील विद्यार्थ्याच्या त्या तीन ओळी उट्रेख्टमधील अध्यापकही त्याच अर्थाने वाचू शकतो. या भाषांभोवती चिकित्सक चर्चेची परंपरा वाढली, तिला हा गुण अनुकूल ठरला. शुद्धता हा येथे तांत्रिक गुण आहे, तसाच तो संवादाचाही आधार आहे.

अर्थात ही शुद्धता निरपवाद नाही. कंपायलरची आवृत्ती, सोबत जोडलेल्या संचांच्या आवृत्त्या, यंत्राची मांडणी या गोष्टी संहितेबाहेर राहून तिच्यावर परिणाम करतात. अनेकदा दीर्घ चर्चेनंतर असे निष्पन्न होते की तीन ओळी निर्दोषच होत्या, फक्त त्या ज्या परिस्थितीत वाचल्या गेल्या ती परिस्थिती वेगळी होती. संहिता आणि संदर्भ यांचा हा संबंध साहित्याच्या अभ्यासकाला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

३

आता दोषाकडे वळता येईल. हॅस्केलसारख्या भाषेत प्रत्येक पदबंधाला एक प्रकार असतो. पूर्णांक, अपूर्णांकी संख्या, अक्षर, यादी असे हे प्रकार. लेखकाने ते सांगितले नसले तरी कंपायलर स्वतः त्यांचे अनुमान करतो; या अनुमानपद्धतीचा पाया रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये घातला. दोन पदांचे प्रकार जुळले नाहीत तर आज्ञावली चालवण्यापूर्वीच नाकारली जाते. शाब्दबोधाच्या चर्चेत आकांक्षा, संनिधी आणि तात्पर्य यांच्याबरोबर योग्यतेची अट सांगितली जाते. ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असूनही योग्यतेच्या अभावी बोध करून देत नाही. प्रकारदोष हा स्थूलमानाने असाच योग्यताभंग होय.

नवशिक्याला हमखास भेटणारे एक उदाहरण घ्यावे. विद्यार्थी गुणांची सरासरी काढणारे फलन लिहितो: यादीतील गुणांची बेरीज भागिले यादीची लांबी. शाळेत शिकवलेल्या व्याख्येचे हे अक्षरशः रूपांतर आहे. तरीही कंपायलर ते नाकारतो. कारण यादीची लांबी हा पूर्णांक आहे, आणि येथील भागाकाराचे चिन्ह अपूर्णांकी संख्यांसाठीच आहे; पूर्णांकाचे आपोआप रूपांतर करून घेण्याची सवलत ही भाषा देत नाही. विद्यार्थ्याने प्रकाराविषयी काहीच सांगितले नसेल तर तक्रार भागाकाराच्या चिन्हावर येते: पूर्णांकांसाठी अशा भागाकाराची व्यवस्था नाही. परंतु आपले फलन अपूर्णांकी संख्यांची यादी घेते आणि अपूर्णांकी संख्या देते असे त्याने आधीच घोषित केले असेल, तर तीच तक्रार भागाकारावरून सरकून लांबीवर जाते: येथे अपूर्णांकी संख्या अपेक्षित होती, पूर्णांक मिळाला. आज्ञावलीचा गाभा एकच, बिघाडही एकच; केवळ लेखकाचा हेतू नोंदला गेल्यामुळे दोषाचे स्थान बदलले.

ही बाब किरकोळ वाटली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. त्रुटिसंदेश दाखवतो ते दोन अपेक्षांच्या टकरीचे ठिकाण. त्या दोहोंपैकी कोणती अपेक्षा मागे घ्यायची हे तो सांगू शकत नाही, कारण त्यासाठी लेखकाला काय म्हणायचे होते हे माहीत असावे लागते. मिचेल वाँड यांनी प्रकारदोषाचे मूळ शोधण्याच्या समस्येवर १९८६ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला, आणि उट्रेख्ट विद्यापीठात विद्यार्थ्यांना अधिक सुबोध संदेश मिळावेत म्हणून हेलियम ही व्यवस्था तयार झाली, तिचे विवेचन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले; यावरून ही अडचण त्या क्षेत्रातही गंभीर मानली गेली हे स्पष्ट होते. विम्सॅट आणि बीअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. मूल्यमापनाच्या बाबतीत ते मान्य केले तरी दोषनिश्चितीच्या बाबतीत हेतू वगळून चालत नाही, असे हे उदाहरण सुचवते.

हॅस्केलचा दुसरा विशेष म्हणजे विलंबित मूल्यमापन. एखाद्या पदबंधाचे मूल्य प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत काढले जात नाही. रिकाम्या यादीतील पहिला घटक मागणारा पदबंध एका ठिकाणी निर्माण होतो, अनेक फलनांतून निमूटपणे पुढे जातो, आणि कोणीतरी त्याचे मूल्य मागितले की तेथे आज्ञावली कोसळते. रिकाम्या यादीविषयीचा हा त्रोटक संदेश उपयोजकांमध्ये दीर्घकाळ कुप्रसिद्ध होता, कारण त्यात मूळ ठिकाणाचा काहीच मागमूस नसे. लकडगंजच्या ओंडक्यातील खिळ्याची आणि या रिकाम्या यादीची जात एकच आहे. दोष जुना, प्रकटीकरण नवे, आणि जाब विचारला जातो तो शेवटी मागणी करणाऱ्याला.

मराठी समीक्षेत याचे प्रतिरूप शोधायला लांब जावे लागत नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आरोप झाला तेव्हा वाद बहुतांशी दोषाच्या मालकीविषयी होता: कवितेचा दोष की वाचकाच्या अपुऱ्या तयारीचा? दोन्ही पक्षांनी टकरीचे ठिकाण अचूक दाखवले. कविता आणि वाचक यांच्या अपेक्षा जुळत नव्हत्या, एवढेच त्या ठिकाणी सिद्ध होत होते. तेथून दोषारोपाकडे जाण्यासाठी जो युक्तिवाद हवा होता तो दोहोंनी बहुधा गृहीत धरला.

४

दोषाची मालकी विद्यार्थ्याकडून काढून अन्यत्र ठेवण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. तत्कालीन पुणे विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारे रुस्तम मोदी यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सी या भाषेच्या अध्यापनातील वर्चस्वावर टीका केली. त्याच सुमारास मार्क जोन्स यांनी ऑक्सफर्डमध्ये गोफर ही हॅस्केलसदृश छोटी व्यवस्था तयार केली होती. मोदी यांनी तिच्यात अध्यापनासाठी बदल केले. पुण्याच्या नावावरून ती पुगोफर म्हणून ओळखली गेली. मूळ भाषेत फलन निवेशाला लावण्याच्या क्रियेसाठी कोणतेच चिन्ह नसते, दोन पदे शेजारी ठेवली की झाले. पुगोफरमध्ये या क्रियेसाठी बिंदूचे दृश्य चिन्ह आले.

बदल एका बिंदूचा आहे. पण त्यामागील नैतिक भूमिका लक्षणीय आहे. जी क्रिया या भाषेची आत्मभूत क्रिया, तीच लेखनात अदृश्य असेल, तर नवशिक्याचे चुकणे अटळ होते. जाणकाराला ते न-चिन्ह दिसते, कारण त्याला ते कोठे असते हे आधीच माहीत आहे. अशा वेळी ‘नीट वाचा’ हे उत्तर देणे सोपे आहे. अनेकांची चूक एकाच ठिकाणी होत असेल तर त्या ठिकाणाचीच तपासणी करावी, हा विचार अवघड, कारण त्यात जाणकाराला आपल्या सवयीचा त्याग करावा लागतो. असा बदल इतरत्र रूढ झाला नाही, यावरून ती भूमिका चुकीची ठरत नाही.

विदर्भाच्या वाङ्मयीन इतिहासात याला समांतर असा एक प्रसंग आहे. रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेतील स्मृतिस्थळात नागदेवाचार्यांकडे संस्कृतात प्रश्न घेऊन आलेल्या विद्वान शिष्यांची आठवण आहे. आपल्याला ती भाषा कळत नाही, श्रीचक्रधरांनी मराठीतच निरूपण केले, तेव्हा मराठीतच विचारावे, असे आचार्य त्यांना सांगतात. हे भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु चर्चेच्या नीतीच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. प्रश्नोत्तरे ऐकणाऱ्या मंडळीत जी सर्वांत कमी शिकलेली व्यक्ती बसलेली असते, तिला वगळणारी परिभाषा कितीही अचूक असली तरी ती चर्चेची भाषा होऊ शकत नाही, असा निर्णय तेथे झाला आहे.

५

न्यायसूत्रांनी कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालते तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन चालते ती वितंडा. वाद कोणाबरोबर करावा हेही सांगितले आहे: शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि श्रेयाची इच्छा करणारे, आणि हे सर्व असूयारहित असावेत. फलनाधिष्ठित भाषांच्या उपयोजकांतील चर्चा ही आपल्या उत्तम रूपात वादच असते. सरासरीचा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी रूपांतराचे फलन सांगतो, दुसरा लांबीचा प्रकार पूर्णांक का ठेवला याचे कारण सांगतो, तिसरा हे रूपांतर आपोआप का होऊ नये ते समजावतो; आणि साध्या शंकेतून संख्यांविषयीची एक तात्त्विक चर्चा उभी राहते. एका माणसाची अडचण सर्वांच्या ज्ञानाचे निमित्त होते.

मात्र याच ठिकाणी वितंडेलाही अवसर आहे. ‘असे करायचेच कशाला?’, ‘हे आधी सांगून झाले आहे’, ‘मूलभूत गोष्टी शिकून या’ ही उत्तरे कोणताही पक्ष मांडत नाहीत. त्यांच्या समर्थनार्थ एक गंभीर युक्तिवाद करता येतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. उत्तर देणारे बहुधा विनामोबदला उत्तर देतात, त्यांचा वेळ मर्यादित असतो, प्रश्न मात्र तेच ते येतात. शिस्त लावली नाही तर चर्चाच बुडेल. न्यायसूत्रांतही जल्प आणि वितंडा यांना अशीच एक जागा दिली आहे. अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी कुंपण घालावे तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचे प्रयोजन मानले आहे. हा दृष्टान्त मान्य करूनच विचारावे लागते की, येथे अंकुर कोण? जाणकाराचे ज्ञान हा वाढलेला वृक्ष आहे. त्याला नवशिक्याच्या प्रश्नाने इजा होत नाही. कोवळा आहे तो विचारणारा. कुंपण त्याच्याच विरुद्ध उभारले गेले तर दृष्टान्ताचाच विपर्यास होतो.

या विपर्यासाचे मूळ कदाचित त्या भाषेच्या गुणातच असावे. शुद्ध फलनाला इतिहास नसतो. समान निवेशाला समान फलित मिळते, ते कोणी, कधी, कितव्यांदा मागितले याने फरक पडत नाही. ज्यांचे मन या शिस्तीत घडते त्यांना प्रश्नही तसाच वाटू लागतो. समान प्रश्न, समान उत्तर. आणि ते एकदा देऊन झाले असेल तर पुन्हा देण्याचे कारण नाही. प्रश्नाच्या संहितेपुरते हे खरेही आहे. तीन ओळींवर आणलेला बिघाड कोणाचाही असो, त्याचे निदान एकच. पण प्रश्नकर्ता परिवृत्तिसह नाही. त्याच्या जागी दुसरा, अधिक तयारीचा प्रश्नकर्ता ठेवून उत्तर दिले तर अर्थ बदलतो. त्याने आधी काय केले, कोणत्या समजुतीने केले, कोठे थकला, हा इतिहास त्याच्या तीन ओळींत नसतो. तो त्याच्यात असतो. एकाला रूपांतराच्या फलनाचे नाव पुरते. दुसऱ्याला संख्यांचे प्रकार वेगळे असतात हेच मुळात माहीत नसते, आणि ते नाव त्याच्या हाती दिल्यास तो पुढच्या ओळीवर पुन्हा अडखळतो. दोघांचा प्रश्न अक्षरशः एकच होता.

याचा अर्थ सर्व भार उत्तरकर्त्यावर टाकावा असा नव्हे. हेतू नोंदला तर दोषाचे स्थान अधिक अचूक कळते, हे सरासरीच्या उदाहरणात दिसलेच. प्रश्नकर्त्याचे कर्तव्यही तेथूनच निघते. आपल्याला काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले आणि मधल्या काळात आपण काय करून पाहिले, हे न लपवता सांगणे म्हणजे आपला इतिहास दुसऱ्याच्या हाती देणे होय. अनेकांना ते अवघड जाते, कारण त्यात अज्ञानाची कबुली असते. ज्या मंडळीत कबुलीनंतर हसे होते तेथे पुढचा माणूस अपेक्षा सांगत नाही, केवळ बिघाड सांगतो. आणि अपुऱ्या माहितीवर चर्चा पुन्हा दोषारोपाकडे वळते. प्रश्नकर्त्याचे आर्जव आणि उत्तरकर्त्याची अनसूया हे दोन गुण परस्परावलंबी आहेत. एकाच्या अभावी दुसरा टिकत नाही.

६

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. फलनाधिष्ठित भाषांनी चिकित्सेची एक दुर्मीळ शक्यता निर्माण केली: दोष माणसापासून वेगळा करून, छाटून, सर्वांसमोर ठेवता येतो, आणि त्याच्याकडे कोणाचाही अपमान न करता पाहता येते. ही शक्यता नैतिक आहे, कारण तिच्यामुळे ‘कोणाचे चुकले’ या प्रश्नाआधी ‘काय जुळत नाही’ हा प्रश्न विचारता येतो. मात्र दोष वेगळा काढल्यावर माणूस उरतो, आणि त्याला मूल्याप्रमाणे अदलाबदल करता येत नाही. संहितेला लावलेली शुद्धतेची कसोटी माणसाला लावली की हीच शक्यता निष्ठुरतेत परिणत होते.

साहित्यसमीक्षेला यातून घेण्यासारखे आहे ते हेच. समीक्षेजवळही दोषांची सूक्ष्म परिभाषा आहे, आणि तीही अनेकदा टकरीच्या ठिकाणालाच निर्णय समजते; पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्याच्या चुकीच्या अर्थबोधावर दिलेले उत्तर त्याच्या अपेक्षेची चौकशी न करता दिलेले असते. आरागिरणीवर पाते मोडते तेव्हा प्रथम आरा थांबवावा लागतो आणि खिळा बाहेर काढावा लागतो. तो कोणी ठोकला याचा विचार त्यानंतर करता येतो. तो करताना आरा चालवणाऱ्याने आधी काय पाहिले होते हे त्यालाच विचारावे लागते. मोडलेल्या दातावरून ते कळत नाही.